बोर्डगेमवाल्यांची संमेलनं, 'तसली माणसं' आणि हॉटेलच्या काउंटरमागून दिसलेलं

रात्रपाळी

परवा कामावरच्या एका सहकाऱ्यानं विचारलं, "पुढच्या आठवड्यात ते येतायत ना, तेच ते... आंघोळ न करणारे?" तो कुणाबद्दल बोलतोय हे मला क्षणात कळलं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मी अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये एका मध्यम आकाराच्या हॉटेलात नऊ वर्षं आहे, त्यातली सहा रात्रपाळीला. दिवसाचे हिशेब बंद करायचे, उशिरा येणाऱ्यांना किल्ल्या द्यायच्या, आवाजाची तक्रार आली की वर जाऊन दार ठोठवायचं. आमच्याकडे वर्षातून दोनदा टेबलटॉपवाल्यांचं कन्व्हेन्शन भरतं. बोर्डगेम, रोलप्लेइंग (एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात), रंगवलेल्या बोटभर पुतळ्यांच्या लढाया, सगळं. गुरुवार दुपारपासून रविवार संध्याकाळपर्यंत बॉलरूम चोवीस तास उघडी. मी स्वतः खेळत नाही. (बायको म्हणते, तुला हरणं सोसत नाही म्हणून. असो.)

पहिल्या वर्षी ते यायच्या आधी खातेप्रमुखांची बैठक झाली. हाउसकीपिंगनं एअर फ्रेशनरच्या दोन पेट्या जास्तीच्या मागवल्या, बारवाल्यानं एक माणूस कमी केला, सिक्युरिटीवाल्यानं एक वाढवला. त्या खोलीतल्या एकानंही आयुष्यात असं संमेलन पाहिलेलं नव्हतं. तरी प्रत्येकाला सगळं माहीत होतं.

त्याच शनिवारी दुसऱ्या हॉलमध्ये लग्न होतं. माझ्या रात्रीच्या वहीतल्या नोंदी सांगतो. लग्नाबद्दल: आवाजाच्या तक्रारी सात, फुटलेला आरसा एक, लिफ्टमध्ये झोपलेला करवला एक. खेळणाऱ्यांबद्दल: तक्रार एक. पहाटे तीन वाजता चौघं जण लॉबीत बसून "खून नक्की कुणी केला" यावर कुजबुजत होते आणि एका म्हाताऱ्या पाहुणीला ते खरं वाटलं.

गोंधळ झाला तो टेबलांवरून. बँक्वेटची टेबलं सहा फूट व्यासाची, गोल. जेवायला आठ जण झकास बसतात, पण मधोमध पट मांडला तर हात कुणाचाच पोचत नाही. आयोजक बाईंनी ती हलवायला लावली, लांबट टेबलं दोन-दोन जोडून घेतली, मग झुंबरांचा मंद उजेड बघून म्हणाल्या, "पूर्ण लावा हो, इथे कुणी नाचणार नाहीये." आणि गालिचा! हॉटेलचे गालिचे मुद्दाम गच्च नक्षीचे घेतात, डाग दिसू नये म्हणून. त्यावर बोराएवढा लाकडी ठोकळा पडला की गेलाच. सोमवारी व्हॅक्यूम क्लीनरच्या पोटातून निघालेले ठोकळे, फासे, माणसाच्या आकाराच्या सोंगट्या हाउसकीपिंगच्या बायका एका काचेच्या बरणीत टाकतात. ती बरणी माझ्या काउंटरखाली असते.

तर विचारायचंय ते हे, की ही 'तसली माणसं' आली कुठून? तुमच्यात कुणी खेळणारे असतील तर सांगा. आणि समज खरे असतील तर तेही सांगा, उगाच गुळगुळीत नको.

चौकटराणी

लिफ्टमधला करवला वाचून चहा सांडला.

मी अकरा वर्षं खेळतेय आणि ऑफिसात आजही "वीकेंडला बाहेरगावी जातेय" एवढंच सांगते. एकदा खरं सांगितलं तर बॉसनं विचारलं, "म्हणजे टोकदार टोप्या घालून जादूगार होतात ते?" म्हटलं, नाही, मी एकोणिसाव्या शतकातल्या रेल्वे कंपन्यांचे शेअर घेते, कंपनीची तिजोरी रिकामी करते आणि सहा तासांनी ती दुसऱ्याच्या गळ्यात मारून त्याला बुडवते. बॉस फायनान्सचा माणूस आहे. त्याला जादूगारच बरा वाटला असता असं तोंड झालं.

काथ्याकूट बहाद्दर

सगळं गोड गोड चाललंय म्हणून एक काडी टाकतो.

वास येतो. मी इंडियानापोलिसला जेन कॉनला, म्हणजे या खेळांच्या मोठ्या संमेलनाला, गेलेलो आहे, शनिवारी दुपारी प्रदर्शनाच्या हॉलमध्ये उभा होतो, नाक माझं स्वतःचं होतं. आणि खेळणाऱ्यांमध्येच तो '६-२-१' नियम सांगतात ना? दिवसाला किमान सहा तास झोप, दोन वेळा जेवण, एक आंघोळ. कुणी कुणी त्याचा ३-२-१ करतात. ज्या मोठ्या माणसांना रोज एक आंघोळ करा हे सूत्र करून पाठ करावं लागतं, त्यांच्याबद्दल समज पसरला तर दोष पसरवणाऱ्याचा कसा?

तात्पुरता

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रात्रपाळी

@काथ्याकूट, वास येतो. नाकारत नाही. पण कारण ऐकून घ्या, हे मला आमच्या इमारतीच्या इंजिनियरनं सांगितलं.

बॉलरूमची हवा घड्याळावर चालते. कार्यक्रम साधारण अकराला संपतो असं गृहीत धरून रात्री पंखे मंद होतात, बाहेरची ताजी हवा आत घेणं जवळजवळ थांबतं. वीज वाचते. लग्नात हे कुणाला कळत नाही, कारण एकपर्यंत हॉल रिकामा झालेला असतो. इथे पहाटे चारला दीडशे माणसं, गरम दिवे पूर्ण लावलेले, आणि हवा बंद. तुम्ही दीडशे बिशप बसवा, पहाटे तोच वास येईल. दुसऱ्या वर्षी आम्ही त्या तीन रात्रींसाठी वेळापत्रक बदललं. एअर फ्रेशनरच्या पेट्या तशाच पडून राहिल्या, त्यातली एक अजून आहे.

सगळा दोष पंख्यांचा नाही, तेही खरं. एका खोलीत चौघं राहतात, न्हाणीघर एक, सकाळी नऊचा खेळ कुणाला चुकवायचा नसतो. शनिवारी सकाळी टॉवेल मागणारे फोन मोजले तर निदान पाऊणशे टक्के... नको, आकडा नको, खूप येतात. म्हणजे आंघोळी होतात हो.

त्या ६-२-१ बद्दल मात्र तुमच्याशी सहमत. हा विनोद खेळणाऱ्यांनी स्वतःच जन्माला घातला, स्वतःच टी-शर्टवर मिरवला. घरातला विनोद दारात टांगला की पाहुणे तोच वाचणार.

सोंगटी

तोंडाला रंग फासून फुटबॉलच्या मॅचला जाणारे चालतात, आकडेवारी घोकणारे चालतात, आणि आम्ही तेवढे विचित्र! हा निव्वळ दुटप्पीपणा आहे.

तात्पुरता

आली. फुटबॉलची तुलना आली. मी पैज लावली होती दहाव्या प्रतिसादाच्या आत येणार म्हणून.

जुना खेळिया

मी १९८३ साली शिकायला अमेरिकेत आलो, तेव्हा हे समज ताजे ताजे भाजून निघत होते. तुम्ही लोक वासावर भांडताय, आमच्या वेळी भांडण सैतानावर होतं.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा रोलप्लेइंगचा खेळ १९७४ साली आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं काम, पहिली आवृत्ती हजार प्रतींची, खोकी हातानं भरलेली. पाच वर्षं बाहेरच्या जगाला पत्ता नव्हता. मग ऑगस्ट १९७९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातला सोळा वर्षांचा एक विद्यार्थी नाहीसा झाला. अतिशय हुशार, वयाच्या मानानं फार लवकर कॉलेजात आलेला, एकटा पडलेला मुलगा. घरच्यांनी नेमलेल्या खाजगी गुप्तहेरानं तर्क लढवला, की विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांमध्ये तो हा खेळ खेळायला गेला आणि हरवला. वर्तमानपत्रांना याहून चांगलं काय हवं? मुलगा महिनाभरानं लुइझियानात जिवंत सापडला. बोगद्यात तो गेला होता हे खरं, पण खेळायला नव्हे, जीव द्यायला. पुढच्या वर्षी त्यानं आयुष्य संपवलंच. त्या गुप्तहेरानं हे सगळं १९८४ मध्ये लिहून जाहीर केलं, म्हणजे पाच वर्षांनी. तोवर त्या अफवेवर बेतलेला टीव्हीपट १९८२ मध्ये येऊन गेला होता, तरुण टॉम हँक्स त्यात खेळापायी भ्रमिष्ट होणारा विद्यार्थी झाला होता. खुलासा किती जणांनी वाचला असेल आणि सिनेमा किती जणांनी पाहिला असेल, तुम्हीच सांगा.

१९८२ मध्ये व्हर्जिनियात एका आईचा मुलगा आत्महत्येनं गेला. तिनं खेळाला जबाबदार धरलं, १९८३ मध्ये बी.ए.डी.डी. नावाची खेळविरोधी संघटना काढली. पॅट्रिशिया पुलिंग त्या. १९८५ मध्ये '६० मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमात त्या एका बाजूला आणि गायगॅक्स दुसऱ्या बाजूला. त्या बाईंच्या दुःखाबद्दल मी कधी वाकडं बोललो नाही, आजही बोलणार नाही. पण दुःख खरं असलं म्हणून निदान खरं ठरत नाही. १९९० मध्ये मायकेल स्टॅकपोल या खेळरचनाकारानं त्यांच्या दाव्यांची एकेक चिरफाड करणारा अहवाल लिहिला.

माझ्या खोलीभागीदाराच्या आईनं त्याची नियमांची पुस्तकं परसात जाळली. तो रडला वगैरे नाही, त्यानं शांतपणे सगळे तक्ते आठवून वहीत उतरवले. पुढे तो विमा कंपनीत ॲक्च्युअरी, म्हणजे जोखमीची गणितं मांडणारा झाला, यात नवल नाही.

आणि कंपनी स्वतः काय करत होती? १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून 'डेमन' आणि 'डेव्हिल' हे शब्दच काढून टाकले, त्याच राक्षसांना बनावट नावं दिली. राक्षस तेच, पाटी बदललेली.

मला यात गंमत वाटते ती पुढची. दहा वर्षांत तोच खेळणारा 'सैतानाचा हस्तक' वरून 'आईच्या तळघरात राहणारा गबाळा' झाला. आधी त्याच्यापासून मुलं वाचवायची होती, मग त्यालाच कुणी मुलगी देईना. दोन्ही एकाच वेळी खरं असूच शकत नाही. इतका आळशी माणूस सैतानाच्या काय कामाचा?

चौकटराणी

शेवटचं वाक्य चोरतेय. नाव देईन.

फुटकळ वकील

खेळियाकाकांना पुरवणी. हे समज नुसते चहाच्या टेबलावर राहिले नाहीत, निकालपत्रांत गेले.

विस्कॉन्सिनच्या वॉपन तुरुंगात जन्मठेपेचा एक कैदी हा खेळ खेळायचा. त्यानं स्वतः लिहिलेलं ९६ पानांचं हस्तलिखित तुरुंगानं जप्त केलं आणि खेळावरच बंदी घातली. कारण काय? खेळ चालवणारा एक 'मास्टर' असतो, बाकीचे त्याचं ऐकतात, म्हणजे ही टोळीची रचना झाली. कैद्यानं दावा लावला. २०१० मध्ये सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं बंदी कायम ठेवली. निकाल कायद्याच्या कसोटीवर टिकणारा आहे: तुरुंगात धोका सिद्ध करावा लागत नाही, भीती तर्काला धरून आहे एवढं दाखवलं की पुरतं. पण ज्यानं एकदा तरी खेळ चालवलाय त्याला विचारा, किती जण त्याचं ऐकतात ते. चार माणसांना एका दारातून आत न्यायला दोन तास लागतात.

दुसरं, १ मार्च १९९०. ऑस्टिन, टेक्सास. स्टीव्ह जॅक्सन गेम्स या छोट्या कंपनीवर अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनं धाड घातली, संगणक उचलून नेले, आणि त्यात छपाईला निघालेलं एका सायबरपंक रोलप्लेइंग खेळाचं पुस्तकही गेलं. ते संगणक गुन्ह्यांची मार्गदर्शिका आहे असं कंपनीला सांगण्यात आलं. फाशांवर चालणारी मार्गदर्शिका! कंपनी जवळजवळ बुडाली. १९९३ मध्ये न्यायालयानं सरकारला चांगलंच सुनावलं आणि नुकसानभरपाई द्यायला लावली.

आडवाटेची राधा

बराच वेळ वाचत होते, लिहू की नको करत. लिहितेच.

इथे सगळे 'वाईट समज' खोडताय. एक चांगला समज आहे त्याबद्दल कुणीच बोलत नाहीये: "बिचारे निरुपद्रवी असतात हो ते." रात्रपाळी, तुमच्या धाग्यातही तोच सूर आहे. लग्नवाले दंगेखोर, खेळणारे गरीब गाय.

मी २००४ पासून हॉटेलातल्या संमेलनांना जातेय. तेव्हा बॉलरूम पुरत नसे म्हणून रोलप्लेइंगचे काही खेळ सरळ राहायच्या खोल्यांत ठेवत. पलंग भिंतीला उभा करायचा, मधे टेबल, पाच अनोळखी पुरुष आणि मी, आणि दार बंद, कारण कॉरिडॉरमध्ये आवाज नको. वाईट काहीच घडलं नाही अशा दहा वेळा सांगता येतील. पण अकराव्या वेळी खेळ चालवणाऱ्यानं माझ्या पात्राला जे जे करायला लावायचा प्रयत्न केला, ते पात्राबद्दल नव्हतं हे टेबलावरच्या प्रत्येकाला समजत होतं. कुणी बोललं नाही. मी उठले, फासे तिथेच राहिले. आयोजकांकडे गेले तर उत्तर मिळालं, "अगं, त्याला माणसांशी वागायचं कळत नाही, मनानं वाईट नाहीये तो."

बघा, हा समजच आहे! 'गेमर म्हणजे सामाजिक भान नसलेला भोळा जीव.' बाहेरचे हा समज टिंगलीसाठी वापरतात, आतले एकमेकांना माफ करायला. मला पहिल्यापेक्षा दुसऱ्याचा त्रास जास्त झाला.

बदललंय. आता बऱ्याच संमेलनांना लेखी आचारसंहिता असते, तक्रार कुणाकडे करायची ते बिल्ल्याच्या मागे छापलेलं असतं, कित्येक टेबलांवर एक्स-कार्ड ठेवतात. ज्याला प्रसंग नको वाटेल त्यानं कार्डाला हात लावायचा, कारण न सांगता प्रसंग पुढे सरकतो. आणि बायका तर केवढ्या वाढल्या. डन्जन्स अँड ड्रॅगन्स काढणारी कंपनीच सांगते की खेळणाऱ्यांत सुमारे ४० टक्के बायका आहेत. तरीही स्टॉलवर मी नवऱ्याबरोबर उभी असले की विक्रेता नियम त्याला समजावतो. नवऱ्याला जोकर आणि एक्का सोडून काही कळत नाही. तो मान डोलावतो, मी ऐकते.

काथ्याकूट बहाद्दर

राधाताई, हे वाचून काडी मागे घेतो. वासाची नाही, बाकीची.

रात्रपाळी

राधाताई, बरोबर पकडलंत. माझ्या वहीत 'आवाजाची तक्रार' असा रकाना आहे, तुम्ही सांगताय त्याचा रकाना नाही. त्यामुळे माझा हिशेब इतका स्वच्छ निघाला.

एक आठवलं. तिसऱ्या की चौथ्या वर्षी रात्री दोनला एक मुलगी काउंटरवर आली, खोली बदलून द्या म्हणाली. कारण विचारायचं नाही, नवा क्रमांक मोठ्यानं उच्चारायचा नाही, किल्लीच्या पाकिटावर लिहून सरकवायचा, ही आमची पद्धत. मी तेवढं केलं. सकाळी आयोजकांना सांगावं का, हे मला सुचलंसुद्धा नाही, कारण माझ्या डोक्यात "ही माणसं शांत असतात" हे पक्कं बसलं होतं. आता आयोजकांच्या त्या रात्रीच्या जबाबदार माणसाचा नंबर काउंटरवर चिकटवलेला असतो. मी मागून घेतला, पण तुमचा प्रतिसाद वाचून कळतंय की तो पहिल्या वर्षापासून असायला हवा होता.

एसेनकर

उशिरा आलो. जर्मनीतून लिहितोय, इथे तुमचं हे सगळं प्रकरण कुणाला समजावताच येत नाही.

एसेन शहरात दर ऑक्टोबरला श्पील हे खेळांचं प्रदर्शन भरतं, १९८३ पासून. २०१९ मध्ये २,०९,००० भेटी झाल्या, चार दिवसांत. पण ते हॉटेलात नाही, व्यापारी प्रदर्शनाच्या हॉलांत. सकाळी दहाला दारं उघडतात, संध्याकाळी बंद. आजी-आजोबा, बाबागाडी, शाळेतली पोरं. यू ११ ट्रेन खेळांच्या पिशव्यांनी अशी भरते की बसायला जागा मिळत नाही, आणि कुणी वळूनही बघत नाही. इथे १९७९ पासून वर्षातल्या उत्तम खेळाला पुरस्कार देतात, त्याचा लाल सोंगटीचा शिक्का पाहून लोक नाताळात खोकी उचलतात. म्हणजे खेळ ही घरातली वस्तू झाली.

माझा अंदाज: अर्धा समज खेळाचा नाहीच, हॉटेलचा आहे. हॉटेलात माणूस कधी दिसतो? झोप न झालेला, मोजे घालून बर्फ आणायला निघालेला, लिफ्टमध्ये. कुठल्याही पंथाचा माणूस त्या अवस्थेत पाहिला तर मत वाईटच होईल. एसेनमध्ये रात्री लोक आपापल्या मुक्कामी जाऊन चिक्कार खेळतात, पण ते कुणाला दिसत नाही.

जुना खेळिया

एसेनकर, मुद्दा पटला, पण अर्धाच. आमच्याकडे आधी हॉटेलही नव्हतं. १९६८ चं पहिलं जेन कॉन विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावाच्या हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये झालं, गायगॅक्सनी पन्नास डॉलर भाड्यानं घेतलेला. शंभरेक माणसं. नाव म्हणजे जिनिव्हा करारांवरची, 'जिनिव्हा कन्व्हेन्शन'वरची कोटी. तिथून विद्यापीठ, मग मिलवॉकी, २००३ पासून इंडियानापोलिस. आता सत्तर हजारांच्या वर जातात. पण अमेरिकेत शहराशहरांत जी तीनशे-चारशे जणांची संमेलनं होतात त्यांना हॉटेलशिवाय परवडणारी जागाच नसते. त्यामुळे अमेरिकी खेळणारा जगाला दिसतो तो कायम पहाटे तीनचा.

काथ्याकूट बहाद्दर

मग हॉटेलला हे परवडतं कसं? बारवाला माणूस कमी करतो म्हणताय.

रात्रपाळी

बार रिकामाच असतो, खरंय. बारवाला दुसऱ्या वर्षी शहाणा झाला, त्यानं रात्री कॉफीचं यंत्र चालू ठेवलं.

पैसा खोल्यांत. आयोजक करारात म्हणतात, तीन रात्री इतक्या खोल्या आमच्या लोकांनी भरू. तेवढ्या भरल्या तर बॉलरूम फुकट किंवा नाममात्र. ठरलेल्या टक्क्याच्या खाली गेलं की फरक आयोजकांच्या खिशातून. म्हणून ते दर दोन दिवसांनी सदस्यांना विनवतात, "कृपया याच हॉटेलात राहा." समोरच्या स्वस्त मोटेलात राहणारा प्रत्येक माणूस नकळत स्वतःच्याच संमेलनाच्या पायावर धोंडा टाकत असतो. आमच्या सेल्सच्या बाई या लोकांवर जाम खूष असतात: रद्द करत नाहीत, दरवर्षी त्याच तारखा मागतात, आणि फेब्रुवारीत येतात, जेव्हा हॉटेलात काळं कुत्रं नसतं. (मग ते लग्न कुठून आलं म्हणाल, तर ते पहिल्या वर्षीचं संमेलन ऑगस्टचं होतं.)

मोठ्या पातळीवर तर हे शहरांनाही कळतं. २०१५ मध्ये इंडियाना राज्यात धार्मिक स्वातंत्र्याचा तो वादग्रस्त कायदा येत होता, समलिंगी ग्राहकांना दुकानदार परत पाठवतील अशी भीती होती, तेव्हा जेन कॉनच्या मुख्याधिकारी बाईंनी गव्हर्नर माइक पेन्स यांना सरळ पत्र लिहिलं, की याचा परिणाम संमेलन इथे ठेवायचं का या निर्णयावर होईल. पेन्सनी सही केलीच. पण आठवड्याभरात कायद्यात दुरुस्ती करावी लागली. दबाव आणणारे अनेक होते, बड्या कंपन्या, खेळांच्या संघटना. त्या रांगेत फासे टाकणारेही उभे होते आणि कुणी हसलं नाही.

सोंगटी

आणि २०२४ मध्ये अमेरिकी टपाल खात्यानं डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पन्नाशीची तिकिटं काढली, तीही जेन कॉनमध्ये. खेळियाकाका, तुमच्या मित्राच्या आईला एक पत्र पाठवा त्यावर.

जुना खेळिया

त्या आता नाहीत. पण पत्र त्यालाच पाठवतो, कल्पना छान आहे. शेवटच्या काही वर्षांत त्या त्याच्या मुलींबरोबर खेळायच्या. पुजारीण व्हायच्या कायम. जखमी झालेल्यांना बरं करायच्या आणि मग ओरडायच्या, का गेलात त्या गुहेत.

नवशिकी

माझं विषयाला थोडं सोडून आहे, माफ करा. महिनाभरानं पहिल्यांदाच एकटी अशा संमेलनाला जातेय. खोली घेताना काय बघू? आणि कुणाला ओळखत नसताना टेबलावर बसायचं कसं?

आडवाटेची राधा

बसायचं कसं: ज्या टेबलावर 'खेळाडू हवेत' अशी उंच पाटी किंवा झेंडा ठेवलेला असेल तिथे सरळ जा, पाटी त्यासाठीच असते. पहिला खेळ तासाभराच्या आतला घे, म्हणजे माणसं आवडली नाहीत तर सुटका लवकर. खेळ बॉलरूममध्येच, निदान पहिल्या वर्षी. आणि आचारसंहितेचं पान आधी वाच. ते कसं लिहिलंय त्यावरून आयोजक कळतात.

रात्रपाळी

खोली लिफ्टपासून आणि बर्फाच्या यंत्रापासून लांब मागा. बॉलरूमच्या बरोबर वरची नको. संमेलनाच्या सवलतीच्या दरानंच घ्या, कारण वर लिहिलंयच. स्वेटर न्या, तुमच्या हॉटेलवाल्यांनी रात्री हवा चालू ठेवली तर पहाटे गारठता आणि बंद ठेवली तर, ते काथ्याकूट सांगतील.

चौकटराणी

रात्रपाळी, एक विचारायचं राहिलं. हॉटेलचं नाव मी विचारत नाही, तुम्ही सांगू नका. पण दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, मिडवेस्टातच, नक्षीच्या गालिच्यावर माझ्या रेल्वेच्या खेळातला एक ठोकळा पडला तो सापडलाच नाही. तेव्हापासून त्या जागी शर्टाचं बटण वापरतेय.

रात्रपाळी

रंग?

चौकटराणी

निळा.

रात्रपाळी

आत्ताच बरणी ओतली. निळे सात आहेत. बाजू किती मिलिमीटरची ते मोजून सांगा.